मालवणच्या पाण्यांत बुडी

आंब्याची पेटी घेतांना आपली मंडळी किती सावध असतात हें सांगावयास नको. मंडईंत पेटी उघडावयास लावतील, खालच्या थरांतील फळ काढून देंठाशीं हुंगतील, भाव ऐकून दोन पावलें पुढें जातील आणि पुन्हां मागें वळतील. मूल शाळेंत घालावयाचें असलें तर वर्षभर आधींपासून चौकशा सुरू होतात. हीच मंडळी नाताळच्या सुटींत मालवणास जातात. धक्क्यावर एखादा तरुण रंगीत चित्रांचा कागद हातांत घेऊन पुढें येतो. आणि आपलें पोर समुद्राच्या तळाशीं नेऊन परत आणण्याचें काम दोन मिनिटांत त्याच्या स्वाधीन होतें. घासाघीस होते ती दोनशें रुपयांची! आंबा नासका निघाला तर पैसे जातात. येथें काय जाईल, हा विचार त्या गडबडींत मनास शिवत नाहीं.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत 'स्कूबा डायव्हिंग' हें प्रकरण पुण्यांतील घराघरांत सोलकढी व मालवणी खाजें यांच्या पंक्तीस जाऊन बसलें आहे. पाण्याखालीं श्वास घेण्याचें स्वयंपूर्ण साधन, अशा अर्थाच्या पांच इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें जुळवून 'स्कूबा' हें नांव बनविलें आहे. संस्कृत शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्याला येथें 'अवगाहन' हा शब्द आठवल्यावांचून राहत नाहीं. पाण्यांत शिरून स्नान करणें हाही त्याचा अर्थ आणि एखाद्या शास्त्रांत खोल शिरणें हाही. दोहोंसही शिक्षक लागतो. तो कसा निवडावा, एवढाच या लेखाचा विषय. गेल्या डिसेंबरांत मुलगा, सूनबाई आणि एकोणीस वर्षांची नात यांजबरोबर मी मालवणास चार दिवसांकरितां गेलों होतों. चाराचे पांच कसे झाले तें पुढें येईल. नातीचा बुडी मारण्याचा हट्ट, सूनबाईंची भीति आणि मुलाचा उत्साह यांमध्यें निवडीचें काम माझ्याकडे आलें, कारण चौकशी करीत हिंडण्यास ज्याच्यापाशीं वेळ आहे असा कुटुंबांत मी एकटाच.

मालवणच्या धक्क्यावर उभें राहिलें म्हणजे समोर सिंधुदुर्ग दिसतो. कुरटे नांवाच्या खडकाळ बेटावर शिवछत्रपतींनीं २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं या जलदुर्गाच्या बांधकामास प्रारंभ केला आणि १६६७ सालीं तें पुरें झालें. सुमारें ४८ एकरांचा विस्तार, जवळजवळ तीन किलोमीटरांचा नागमोडी तट, आंत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी, आणि राजाराम महाराजांनीं उभारलेलें श्रीशिवराजेश्वराचें मंदिर. हा इतिहास वाचकांस ठाऊक आहे. मला सांगावयाचें तें निराळें. धक्क्यावरून किल्ला हांकेच्या अंतरावर वाटतो, पण होडी त्याच्याकडे सरळ रेषेंत जात नाहीं. मधल्या पाण्यांत खडकांच्या रांगा दडल्या आहेत. तांडेल कांहीं खुणा मनाशीं धरून वळसे घेत जातो. त्या खुणा विचारल्या तर तो हंसतो, सांगत नाहीं. प्रत्यक्ष महाराजांनाही येथील पाण्यांतील वाटा स्थानिक दर्यावर्दी लोकांनींच दाखविल्या, असें परंपरेनें सांगतात. ज्या खडकांनीं किल्ला शत्रूपासून राखला तेच आज पाहुण्यांस मालवणाकडे ओढून आणतात. कारण त्यांच्या कपारींत प्रवाळ, रंगीत मासे आणि समुद्रवनस्पति यांचा सारा संसार आहे. १९८७ सालीं या भागांतील सुमारें २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झालें. किल्ल्याच्या आसपास आणि दक्षिणेस तारकर्ली-देवबागेच्या बाजूस नवशिक्यांच्या बुड्यांचा धंदा चालतो.

या विद्येचें यंत्र फार जुनें नाहीं. १९४३ सालीं झाक कूस्तो व एमील गान्यां या दोघां फ्रेंच गृहस्थांनीं, श्वास घेतला कीं तेवढीच हवा सोडणारी झडप सिद्ध केली, आणि पाण्यांतील माणूस वरून सोडलेल्या नळीच्या दाव्यांतून सुटला. पाठीवरच्या नळकांड्यांत प्राणवायु असतो असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. वर्तमानपत्रेंही तसेंच छापतात. तो खरा नाहीं. आपण एरव्हीं घेतों तीच हवा, गाळून व कोरडी करून, वातावरणाच्या सुमारें दोनशेंपट दाबानें त्यांत भरलेली असते. शुद्ध प्राणवायु तर खोल पाण्यांत विषासारखा बाधतो. त्याचें एक निराळें नळकांडें होडीवर असावें लागतें, पण तें औषध म्हणून, अपघात झाला तर वर आणलेल्या माणसास देण्यासाठीं.

आतां खरी गोम. दहा मीटर खोल गेलें कीं अंगावरचा दाब दुप्पट होतो, आणि दाब दुप्पट झाला कीं वायूचें आकारमान निम्में होतें. रॉबर्ट बॉइल यानें १६६२ सालीं प्रसिद्ध केलेला हा नियम आपण सर्वांनीं शाळेंत घोकला आहे. (सिंधुदुर्गाचा पाया त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनीं पडला, इतिहास आणि पदार्थविज्ञान यांचे तास आपण निरनिराळे ठेवतों म्हणून हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.) दहा मीटरांवर छाती भरून घेतलेली हवा श्वास कोंडून तशीच वर आणली, तर ती वाटेंत फुगत फुगत दुप्पट होऊं पाहते, फुप्फुसाची पिशवी कांहीं दुप्पट होत नाहीं. अगदीं पुरुषभर पाण्यांतूनही भरल्या छातीनें, श्वास रोखून, एकदम वर उसळी घेतल्यास फुप्फुसास इजा होऊं शकते. ज्या घरांत पूरक, कुंभक आणि रेचक यांची रोजची ओळख आहे त्या घरांतील मुलांस हें मुद्दाम सांगावयास हवें. कारण पाण्याखालीं मन गोंधळलें कीं श्वास रोखून धरणें हीच माणसाची पहिली प्रवृत्ति. तेथें पूरक आणि रेचक हे दोनच. कुंभक सर्वस्वीं वर्ज्य. निमज्जनापेक्षां उन्मज्जनांत धोका अधिक, असें हें उलटें शास्त्र आहे. खालीं जातांना कान दुखून सूचना तरी देतात. वर येतांना छाती अशी वेळेवर सूचना देईलच असें नाहीं. म्हणून आपल्याच श्वासाचे जे बारीक बुडबुडे वर निघतात त्यांच्याहून घाई करूं नये, असा या धंद्यांतला जुना दंडक आहे. हें ज्याला ठाऊक आहे, आणि नवशिक्याच्या गळीं तें उतरेपर्यंत ज्याला कंटाळा येत नाहीं, तो शिक्षक. बाकीचे नुसते होडीवाले.

मीं तीन ठिकाणीं चौकशी केली. पहिली धक्क्यावरच. तेथील तरुण मोठा गोड बोलणारा. "कांहीं होत नाहीं, काका. पोहतां येत नसलें तरी चालतें. सात वर्षांच्या मुलापासून सत्तरीच्या आजीबाईंपर्यंत सगळ्यांना आम्ही नेतों." पोहतां येत नसलें तरी चालतें, हें तितकेंसें खोटें नाहीं, पहिल्या अनुभवाच्या बुडींत शिक्षक नवशिक्याला धरूनच असतो. पण दहा वर्षांखालील मुलास या साधनानिशीं समुद्रांत उतरवूं नये हा जाणत्या संस्थांचा संकेत आहे, आणि सत्तरीच्या आजीबाईंस नेण्यापूर्वीं त्यांच्या हृदयाविषयीं दोन शब्द विचारावयास हवेत. त्यानें आम्हांस एकही प्रश्न विचारला नाहीं. मींच विचारलें, "एका शिक्षकामागें किती जण?" तो म्हणाला, "तें गर्दीवर आहे." हें उत्तर प्रामाणिक होतें, आणि मला तेवढें पुरें झालें.

दुसरें ठिकाण थाटाचें. काचेचें दार, गार हवा, भिंतीवर चौकटींत बसविलेलीं प्रमाणपत्रें. येथें बोलणें झालें तें सारें चित्रफितीविषयीं: ती किती मिनिटांची मिळेल, तिच्यावर कोणतें गाणें घालूं, ती फोनवर केव्हां येईल. चित्रफितीस माझा विरोध नाहीं. हल्लींच्या मुलांस ती बुडीइतकीच महत्त्वाची वाटते. परंतु प्रमाणपत्रांवरचीं नांवें मीं वाचून घेतलीं आणि हे दोघे कोठें आहेत असें विचारलें, तेव्हां ते दोघेही त्या महिन्यांत मालवणांत नाहींत असें कळलें. मग पाण्यांत आमच्याबरोबर कोण उतरणार? "आमचा मुलगा आहे ना, एकदम तयार आहे." ज्याचें प्रमाणपत्र भिंतीवर आहे तो पाण्यांत नाहीं, आणि जो पाण्यांत आहे त्याचें प्रमाणपत्र भिंतीवर नाहीं! आमच्या शाळाखात्यांतही हा प्रकार पाहिलेला असल्यामुळें मला फारसें आश्चर्य वाटलें नाहीं.

येथें थोडा खुलासा करतों. शिक्षकास प्रमाणपत्र देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्था अनेक आहेत. आपल्याकडे अधिक ऐकूं येते ती अमेरिकेंत १९६६ सालीं स्थापन झालेली 'पॅडी'. अशा संस्थेच्या शिक्षकास स्वतःचा क्रमांक असतो आणि तो खरा कीं खोटा हें घरबसल्या तिच्या संकेतस्थळावर पडताळतां येतें. दुसरें असें कीं, धक्क्यावर विकली जाते ती केवळ अनुभवाची बुडी. तिनें कोणी पाणबुड्या होत नाहीं. तिची मर्यादा १२ मीटर. मालवणास सहसा त्याहूनही पुष्कळ कमी खोल नेतात. खरा प्राथमिक अभ्यासक्रम तीन-चार दिवसांचा असतो. त्यांत पाठ, तलावांतील सराव आणि समुद्रांतील चार बुड्या येतात, आणि तो पुरा करणारास १८ मीटरांपर्यंत जोडीदाराबरोबर उतरण्याची मुभा मिळते. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानें तारकर्लीस या शिक्षणाची संस्था काढली आहे आणि सरावासाठीं तेथें मुद्दाम बांधलेला खोल तलाव आहे. ज्यांस दिवस काढतां येतील त्यांनीं तिकडे चौकशी करावी. आमच्या मुलाच्या रजेंत तें बसत नव्हतें.

तिसरा पत्ता आमच्या खानावळीच्या बाईंनीं दिला. नारळीच्या वाडींत घराच्या पाठीमागें पत्र्याची पडवी, दोरीवर वाळत घातलेले काळे रबरी पोशाख, आणि तिशीच्या आंतबाहेरचा एक सडसडीत शिक्षक. दर काय, हें विचारण्यापूर्वींच त्यानें आमच्या हातीं एकेक छापील कागद दिला. दमा आहे काय, फेपरें येतें काय, कानाची शस्त्रक्रिया झाली आहे काय, हृदयाचा विकार, रक्तदाब, चालू औषधें, नुकतीच झालेली सर्दी. अशी ती प्रश्नावली. बुडी मारण्याची इच्छा मलाही थोडीशी झाली होती, हें मीं आतांपर्यंत वाचकांस सांगितलें नव्हतें. मींही कागद भरला: वय ६६, रक्तदाबाची रोज एक गोळी. त्यानें तो वाचून घडी केला आणि मालवणीतच म्हणाला, "गुरुजी, तुमका मी पाण्यात न्हेवचंय नाय. डॉक्टराचो कागद हाडा, मगे बगूया." मुलगा म्हणाला, "जबाबदारी आमची असें आम्ही लिहून देतों." त्यावर तो हंसला. "लिवन दिलास म्हणान दर्या आयकतलो काय?"

त्यानंतर त्यानें नातीचा कागद घेतला. ती पोहण्यांत तरबेज. डेक्कन जिमखान्यावरच्या टिळक तलावांत लहानपणापासून पोहलेली. परंतु प्रवासांत तिला सर्दी झाली होती, आणि 'किंचित' असें लिहून तिनें ती खरेपणानें नोंदविली होती. नाक चोंदलें असलें म्हणजे कानाच्या पडद्यामागें हवा पोंचत नाहीं; बाहेरून पाण्याचा दाब वाढतो, आंतून त्यास उत्तर मिळत नाहीं आणि पडदा दुखावतो, प्रसंगीं फाटतो. त्यानें तिला नाक चिमटींत धरून हलकेच फुंकावयास लावलें. एका कानांत 'टप्' झालें, दुसऱ्यांत नाहीं. "उद्यां नाहीं, परवांही नाहीं. तेरवां सकाळीं या. कान उघडला तर नेईन, नाहीं तर पुढच्या खेपेस."

तेरवां म्हणजे आमच्या परतण्याचा दिवस. येथें घरांत वाद झाला, आणि तो लहान नव्हता. मुलाचें म्हणणें, एवढ्या सर्दीचें काय घेऊन बसलांत. धक्क्यावरचा माणूस उद्यांच नेण्यास तयार आहे आणि पैसेही कमी घेतो. रजा वाढवावी लागणार, खोलीचें भाडें एक दिवस अधिक पडणार, सोमवारीं कचेरींत उत्तर द्यावें लागणार. सूनबाई आधींच भ्यालेल्या; त्या म्हणाल्या, मग जाऊंच नको. नातीच्या डोळ्यांत पाणी. माझें मत मात्र त्या पडवींतच कायम झालें होतें. पस्तीस वर्षें मास्तरकी केली; प्रवेश देणारे मीं पुष्कळ पाहिले. पैसे हातीं येत असतांना 'आज नाहीं' म्हणणारे फार थोडे. हंगामाच्या ऐन दिवसांत, दोन गिऱ्हाइकें समोर असतांना, एकास साफ नाकारणें आणि दुसऱ्यास दोन दिवस लांबविणें यांत त्याचें नुकसान होतें, आमचें नव्हे. जो मला नेण्यास तयार झाला असता त्याच्या हातीं मी नातीला दिली नसती. शेवटीं मुलानें कचेरींत फोन केला आणि चाराचे पांच दिवस झाले.

मधल्या दोन दिवसांत मीं त्या पडवीस तीन वेळां भेट दिली. शिक्षक कंटाळला नाहीं, उलट एकेक वस्तु हातांत देऊन दाखवीत गेला. हवा भरण्याचें यंत्र कोठें ठेवलें आहे हें अवश्य पहावें. तें तेलावर चालणारें असलें आणि त्याच्याच धुराकडे त्याचें हवा ओढण्याचें तोंड असलें तर तो धूर नळकांड्यांत जातो. त्याचें तोंड वाऱ्याच्या बाजूस, उंच नळीवर होतें. नळकांड्याच्या खांद्यावर चांचणीचे सन ठोकलेले असतात. तेही वाचतां येतात. प्रत्येक साजाला तोंडांत धरावयाचीं दोन टोंकें असावींत, एक आपलें आणि एक अडचणींत सांपडलेल्यास द्यावयाचें. हवा किती उरली हें दाखविणारा कांटा असावा आणि तो नवशिक्यासही वाचतां यावा. तोंडांत धरण्याचीं रबरी टोंकें औषधी पाण्यांत घालून ठेवलेलीं होतीं. सोंवळ्या-ओंवळ्याचा विचार आतां कोणी करीत नाहीं, तरी एकाचें उष्टें दुसऱ्याच्या तोंडांत जाऊं नये एवढें पाहणें आरोग्याच्या दृष्टीनेंही बरें. एका शिक्षकापाशीं समुद्रांत चारांहून अधिक नवशिके नसावेत असा नियम. हा दोनच घेत असे.

आणि होडी. पाण्याखालच्या भीतीनें आपण इतके व्यापून जातों कीं पाण्यावरची वस्तु पहावयाची राहूनच जाते. २४ मे २०२२ रोजीं तारकर्लीस स्कूबाच्या बुड्या आटोपून परतणारी, वीस प्रवाशांची होडी किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघांचा अंत झाला. ते समुद्राच्या तळाशीं जाऊन सुखरूप वर आले होते. घात झाला तो परतीच्या वाटेवर. तेव्हां होडींत माणसें मोजावीं. तरंगतें जाकीट प्रत्येकास आहे काय तें पहावें. आणि बुडी झाली, आतां काय, असें म्हणून तें काढून पायाशीं टाकूं देऊं नये. बुड्या चालल्या असतांना होडीवर तांडेल जागा असतो कीं तोही गिऱ्हाइकांबरोबर पाण्यांत उतरतो, हेंही विचारावें. हे प्रश्न विचारतांना थोडा संकोच वाटतो. पुणेकरास चौकस म्हणून बाहेरगांवीं नांवें ठेवतातच. या एका कामीं तीं खुशाल ठेवूं द्यावींत.

तेरवां सकाळीं नातीचे दोन्ही कान उघडले. प्रथम कमरेइतक्या पाण्यांत पाऊण तास शिकवणी झाली. तोंडानें श्वास घेणें, न थांबतां घेणें. डोळ्यांवरच्या कांचेंत मुद्दाम पाणी भरून घेऊन नाकानें फुंकून तें बाहेर काढणें. हें तिला चार वेळां करावें लागलें. तोंडांतलें टोंक काढून पुन्हां लावणें. मग खुणा. आंगठा वर केला तर आपल्याकडे 'उत्तम' असा अर्थ होतो. पाण्याखालीं त्याचा अर्थ 'मला वर न्या'. ठीक चाललें आहे असें सांगण्यास आंगठा व तर्जनी जुळवून वर्तुळ करावयाचें. एका मुंबईच्या मुलीनें आनंदानें आंगठा दाखविला आणि शिक्षकानें तिला तात्काळ वर आणून उभें केलें. सगळे हंसले, पण धडा पक्का झाला. खडकावर गुडघा टेकावयाचा नाहीं, प्रवाळास हात लावावयाचा नाहीं, हेंही त्यानें तेव्हांच बजावलें. ज्याला आपण दगड समजतों तो जिवंत प्राण्यांची वसाहत असतो आणि एका लाथेनें कित्येक वर्षांची वाढ मोडते.

मला होडींत बसण्याची परवानगी होती. किल्ल्याचा तट उन्हांत तांबूस दिसत होता; लाटा मंद होत्या. दोघी मुली शिक्षकाच्या दोन हातांस धरून दोरीनें सावकाश खालीं गेल्या. दर हातभर उतरल्यावर तो थांबे, कानाकडे बोट करी, त्या नाक धरून फुंकीत, मग पुढें. थोड्याच वेळांत त्यांचे काळे आकार हिरवट पाण्यांत मिसळून गेले आणि वर राहिले ते नुसते बुडबुडे. मी घड्याळ हातांत धरून ते पाहत होतों. बुडबुडे येत आहेत तोंवर रेचक चालू आहे. मध्यें थोडे थांबत, पुन्हां येत. सूनबाई किनाऱ्यावरून फोन करीत होत्या आणि मी त्यांस "येताहेत, येताहेत" एवढेंच सांगत होतों. तांडेलाची नजरही त्याच जागेवर होती. विडी पेटवितांनासुद्धां त्यानें ती हलविली नाहीं. बावीस मिनिटांनीं तिघांचीं डोकीं एकदम वर आलीं. नातीच्या नाकावर कांचेचा वळ उमटला होता. पहिलें वाक्य ती बोलली तें माशांविषयीं नव्हतें. "आजोबा, खालीं फक्त स्वतःचा श्वास ऐकूं येतो." मासे नंतर आले: पिवळे, काळ्या पट्ट्यांचे, चपटे, खडकाच्या फटींत काटेरी काळे गोळे, आणि पाणी किंचित गढूळ असल्यामुळें पंधरा फुटांपलीकडे कांहींच नाहीं, नुसता हिरवा पडदा.

पाण्याच्या स्वच्छतेविषयीं कोणी मोठीं स्वप्नें बाळगूं नयेत. चित्रांतलें निळें, आरपार पाणी हवें असल्यास अंदमानाकडे जावें लागेल. सेल्युलर जेलचें दर्शन घेऊन पुढें हॅवलॉक बेटावर, ज्यास डिसेंबर २०१८ पासून स्वराज द्वीप असें नांव आहे, तेथें पुण्याचीं पुष्कळ कुटुंबें याच हौसेनें जातात. लक्षद्वीप आहे, कारवारच्या खालीं मुरुडेश्वरासमोर नेत्राणी बेट आहे. पाणी तेथें निराळें, प्रश्न हेच. किंबहुना पाणी जितकें स्वच्छ तितका खोलीचा अंदाज अधिक चुकतो, असें आमच्या शिक्षकाचें म्हणणें पडलें. तेथें दर अधिक, आणि अनोळखी मुलखांत नाहीं म्हणणारा माणूस शोधून काढण्यास दिवसही अधिक लागतील. सहल आंखतांना ते हिशेबांत धरावेत.

पैसे देतेवेळीं शिक्षकानें विचारलें, परत केव्हां निघणार? मुलगा म्हणाला, लगेच. आंबोलीवरून बेळगांवच्या रस्त्यास लागूं, रात्रीं पुणें. त्यावर त्यानें मान हलविली. बुडी मारतांना हवेंतील नत्रवायु रक्तांत विरघळलेला असतो. उंचावर, जेथें हवेचा दाब कमी, तेथें तो बुडबुडे होऊन बाहेर पडूं पाहतो. एका बुडीनंतरही विमानांत बसण्यापूर्वीं निदान १२ तास जाऊं द्यावेत हा सर्वमान्य संकेत. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारें ६९० मीटर, पुणें स्वतः साडेपांचशेंहून अधिक. वीस-पंचवीस फुटांच्या उथळ बुडीनंतर धोका अगदीं थोडा, हें त्यानें मान्य केलें. तरी घाट सकाळीं चढा म्हणाला. मुलगा या वेळीं वाद घालण्यास उभा राहिला नाहीं. संध्याकाळ आम्ही किल्ल्यावर काढली. साखरबावेचें पाणी मीं ओंजळींत घेऊन प्यालों, चहूंकडे खारें पाणी असतांना तें खरोखरच गोड लागलें. दुसऱ्या दिवशीं पहांटे घाट चढलों.

पुण्यास आल्यावर मीं आमच्या डॉक्टरांस तो छापील कागद दाखविला. त्यांनीं तो दोनदां वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलें आणि चालत्या पट्ट्यावरची हृदयाची चांचणी लिहून दिली. अहवाल यावयाचा आहे. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत तेथील समुद्रांतील हे खेळ बंदच असतात. तोंवर कागद काय म्हणतो तें कळेल.